पेट्रोशियनची जागल

दारव्हा तालुका, ११ जानेवारी

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. हरभरा घाट्यावर आलाय, रात्रभर जागलीवर असतो, म्हणून उशीर.

'पेट्रोशियन म्हणजे झोप आणणारा गडी, खेळ पाहावा तर मिखाईल तालचा,' असं तू बुद्धिबळातल्या त्या दोन सोव्हिएत गड्यांबद्दल लिहिलंस. आधी रागच आला. मग मचाणावर बसून तेच डोक्यात घोळत राहिलं.

अबे, रोही वावरात शिरल्यावर बॅटरी घेऊन त्याच्यामागं धावणं, हा तालचा खेळ. पाहायला मजाच. पण आमचे बाबा दिवस मावळायच्या आधी धुऱ्यानं फिरायचे, डुकराची नवी वाट हेरायचे आणि तिथं बोरीचा काटा रोवून यायचे. मग रात्री काहीच घडायचं नाही. पेट्रोशियन तसा. समोरच्याच्या मनात काय आहे ते त्याच्याही आधी ओळखायचा आणि वाट बुजवून टाकायचा. १९६२ ला कुरासाव बेटावर, जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेत, २७ डाव खेळला. ८ जिंकले, १९ बरोबरीत, हार एकही नाही. पुढच्या वर्षी तेव्हाच्या जगज्जेत्या बोट्विनिकला हरवून स्वतः जगज्जेता.

आणि भित्रा म्हणू नकोस हं. १९५३ च्या झुरिकच्या स्पर्धेतला, अमेरिकेच्या रिशेव्स्कीविरुद्धचा डाव पटावर मांडून पाहा. रिशेव्स्कीची मधली प्यादी अंगावर चालून येताहेत, याला हलायला जागा नाही. यानं काय करावं? हत्ती सरळ ई-६ च्या घरात, उंटाच्या तोंडात! उंटानं हत्ती खाल्ला, आणि याचा घोडा डी-५ वर असा ठाण मांडून बसला की प्याद्यांचा लोंढाच थांबला. डाव बरोबरीत सुटला. मी हा डाव चार वेळा खेळून पाहिला. हत्ती द्यायची वेळ आली की अजून हात थरथरतो.

१९६६ ला जगज्जेतेपदाच्या सामन्यात स्पास्कीविरुद्धच्या दहाव्या डावात तर वजीर थेट एच-८ वर फेकला. स्पास्कीनं तिथंच डाव सोडला. हे तालनं केलं असतं तर तू नाचला असतास! तीन वर्षांनी त्याच स्पास्कीनं याचं पद घेतलं, ते सोड.

मला मात्र त्याचं पोरपण जास्त आठवतं. तिबिलिसीतलं आर्मेनियन पोर, युद्धाच्या काळात आईबाप गेले, रस्ते झाडून पोट भरलं. ज्याचं एकदा सगळं गेलं, तो कुंपण घालणारच ना बे. ऐकूही कमी यायचं. १९७१ ला स्पेनमधल्या सेव्हिलला सामन्यात गोंगाट वाढला तेव्हा पठ्ठ्यानं कानातलं यंत्रच बंद करून टाकलं. समोरचा ह्युबनर वैतागून सामना अर्धवट सोडून गेला. आमच्या पारावर असं यंत्र मला पाहिजे. तिथं प्रत्येक चालीला सहा सल्लागार असतात.

वहिनींना नमस्कार. तुरीची डाळ करून ठेवली आहे, येशील तेव्हा ने.

आपल्या डावातली माझी चाल: हत्ती डी-४. उंटानं मारायचा तर मार, पण लगेच उत्तर लिहू नकोस.

तुझा,
भाऊ