थंड शहरातील उकाडा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील कॅनडामधील व्हँकुव्हर शहरावरील लेखात स्टॅन्ले पार्क, ग्रॅनव्हिल आयलंड आणि अलास्काला निघणारी पर्यटक जहाजे यांचे वर्णन रसाळ उतरले आहे; मात्र तेथील हवामानाची बोळवण 'बाराही महिने आल्हाददायक' एवढ्या तीन शब्दांत झालेली पाहून नागपूरकर म्हणून खटकले. जून २०२१ च्या अखेरीस हे शहर ज्यात आहे त्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेच्या लाटेने ६१९ बळी घेतले आणि लिटन या गावी पारा ४९.६ अंशांवर गेला. एवढे तापमान नागपूरनेही पाहिलेले नाही (मे २०२४ मधील ५६ अंशांचा गाजलेला आकडा बिघडलेल्या यंत्राचा होता).

महत्त्वाचे असे की, त्या मृतांपैकी ९८ टक्के लोक घरात किंवा इमारतीच्या आत दगावले, उन्हात नव्हे. थंडीसाठी बांधलेली, ऊब धरून ठेवणारी ती घरे होती, आणि निम्म्याहून अधिक मृत एकटे राहत होते. लेखात बंदरही केवळ छायाचित्रापुरते आले आहे. धक्क्यावरील सुसज्ज पर्यटक जहाजांना इंजिन बंद ठेवून किनाऱ्यावरील वीज घेण्याची सोय २००९ पासून आहे; त्याच बंदराच्या हद्दीतील रॉबर्ट्स बँक येथून मात्र दगडी कोळसा आशियाकडे रवाना होतो. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांच्या चिमण्या रोज पाहणाऱ्यांना या विसंगतीचे नवल वाटायचे नाही.

आमचे बिऱ्हाड थेट गच्चीखालच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात रात्री अकरा वाजताही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते आणि कूलरच्या टाकीतले पाणी कोमट असते. कवेलूच्या घरांत, जाड मातीच्या भिंती आणि वाळ्याच्या ताट्यांच्या आडोशाला वाढलेली माझी सत्त्याऐंशी वर्षांची आई या खोलीत पहाटेपर्यंत जागी असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक छापून येतो तो दुपारचा, सावलीतल्या हवेचा पारा.

ब्रिटिश कोलंबियाने मार्च २०२४ पासून नव्या घरांतील निदान एक खोली २६ अंशांपुढे तापणार नाही अशा रचनेचे बंधन घातले. आपल्याकडे २६ अंश हा आकडा हसण्यावारी जाईल हे मान्य; परंतु गच्चीखालच्या खोलीसाठी काही एक मर्यादा महापालिकेने नकाशा मंजूर करतानाच ठरवावी, आणि आपणही कमाल तापमानाशेजारी रात्रीचे किमान तापमान तितक्याच ठळक अक्षरांत छापावे, ही विनंती.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर