घोड्यावर बसायचंच नसतं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. खोली, थंडी, ऑफिस सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. चारचौघांत वाटणाऱ्या भीतीसाठी मी घोड्यांसोबत थेरपी घेते, हे दादाकडून कळल्यावर तुम्ही घाबरलात, म्हणून हे पत्र.

आई, मी पडणार नाही, कारण घोड्यावर बसायचंच नसतं. इथे इंग्लंडमध्ये घोड्याजवळ जायची जी रीत शिकवतात, ती मला आधी कळेचना. समोरून जायचं नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे आजूबाजूचं बहुतेक सगळं दिसतं. फक्त नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने जायचं, थोडं अलीकडेच थांबायचं आणि त्याचा कान आपल्याकडे वळायची वाट बघायची. त्याने मान फिरवली तर आपणच मागे सरायचं. कान वळला तर हळूच खांद्यावर हात ठेवायचा. एवढ्यातच तास संपतो!

पण त्यातच सगळं आहे. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी, आपलं आखडलेलं अंग त्याला लगेच जाणवतं. माझे खांदे वर चढले की तो जागचा हलत नाही. मी श्वास सोडला की दोरी सैल असली तरी बरोबर चालतो. चारचौघांत माझी जीभ का अडकते, ते मला तिथे अंगातून कळलं.

बाबा, हे डॉक्टरांऐवजी नाही. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी, चालूच आहे. सोशल अँग्झायटीसाठी, म्हणजे माझ्या या भीतीसाठी, इथल्या 'नाइस' या आरोग्य संस्थेच्या 2013 च्या सूचनांतही मोठ्या माणसांना आधी तीच देतात. घोड्यांसोबतच्या थेरपीवरचे अभ्यास अजून लहान आहेत, ते मी वाचलंय. तरी ससेक्स विद्यापीठाच्या 2016 च्या प्रयोगात रागावलेल्या चेहऱ्याचा फोटो बघून घोड्यांच्या हृदयाचे ठोके वाढले होते. त्यांना आपलं कळतं, हे मी मनाने म्हणत नाही. आणि परवा मीटिंगमध्ये मी आपणहून बोलले. कोणी विचारलं नसताना.

मी पैसे पाठवलेत. डोळ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. मी तेव्हा जवळ नसणार, हे मला फार लागतंय. दादाला रजा घ्यायला सांगितलंय.

त्या स्थळाचं म्हणाल, तर मी बोलेन. आधी तो आणि मी दोघंच, घरचे नंतर. माझ्या या त्रासाचं त्याला मीच सांगणार. तुम्ही कृपा करून लपवू नका. आई, तुला आत्याला काय सांगायचं ही काळजी आहे ना? तिलाही खरंच सांग.

ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा.

तुमची,
मनू