आखडलेल्या सांध्यांची सकाळ

महोदय,
गेली अकरा वर्षे मला आमवात आहे. सकाळी बोटे इतकी आखडलेली असतात की दुधाची पिशवी कापायला कात्रीसुद्धा धरवत नाही. औषधे मी वेळेवर घेतेच, आणि ती कुणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. पण त्यांच्या जोडीला काही साध्या सवयींनी माझे दिवस सुसह्य केले आहेत. उठल्यावर दहा मिनिटे हात कोमट पाण्यात बुडवून एकेक बोट सावकाश मिटायचे आणि उघडायचे, म्हणजे ताठरपणा हळूहळू उतरतो. मग मासुंदा तलावाला एक फेरी. दम लागला की कोपिनेश्वर मंदिराजवळ थोडे टेकायचे आणि त्यात कमीपणा मानायचा नाही, हे अंगवळणी पडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. जड कामे आठवडाभरात विभागते. वहीत रोज दोन ओळी लिहिते, कुठे दुखले आणि काय जमले. डॉक्टरांनाही त्या उपयोगी पडतात. तलावाकाठी पाठ टेकता येईल आणि हाताच्या आधाराने उठता येईल अशी बाके वाढवली, तर माझ्यासारखे अनेक जण घराबाहेर पडतील, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे