कनिष्ठ लीगमधील रशियन खेळाडूंची दखल घ्यावी

महोदय,

रशियाच्या अलेक्झांडर ओव्हेच्किनने 6 एप्रिल 2025 रोजी एनएचएल या उत्तर अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक लीगमध्ये 895वा गोल करून वेन ग्रेट्झकी यांचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा आपल्या क्रीडापानावर आइस हॉकीला चांगली जागा मिळाली, याबद्दल मी आपला आभारी आहे. त्यानंतर मात्र या खेळाची बातमी आली ती थेट एनएचएलच्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी क्रमाने नवे तरुण खेळाडू निवडण्याच्या, वेळी, आणि तीही कोणत्या मुलाला कितवा क्रमांक मिळाला एवढ्यापुरतीच. रशियातून सोळाव्या-सतराव्या वर्षी कॅनडात येऊन तिथल्या कनिष्ठ लीगमध्ये खेळणाऱ्या मुलांची वाटचाल मी अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे. ड्राफ्टच्या क्रमांकावरून अशा मुलाविषयी फारच थोडे कळते, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यांच्या हंगामाचीही दखल आपण घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही रचना सर्वांना परिचित असेलच असे नाही. कॅनेडियन हॉकी लीगच्या छत्राखाली ओंटारिओ, पश्चिम कॅनडा आणि क्वेबेक अशा तीन लीग चालतात. त्यांत साधारण सोळा ते वीस वर्षांची मुले खेळतात आणि काही संघ सीमेपलीकडे अमेरिकेतही आहेत. परदेशी मुलांची निवड ‘इम्पोर्ट ड्राफ्ट’मधून होते. वर्षानुवर्षे प्रत्येक संघाला अशी दोनच मुले ठेवण्याची मुभा होती, त्यामुळे चेक, स्लोव्हाक, फिनिश, स्विस अशा सगळ्यांशी स्पर्धा करून रशियन मुलाला ती जागा मिळवावी लागे. परदेशी गोलरक्षकांना तर 2014 पासून 2018 पर्यंत या ड्राफ्टचे दारच बंद होते. नाव पुकारले गेले तरी मुलगा येईलच याची खात्री नसते, कारण आईवडील, रशियातील क्लब आणि एजंट यांचे आपापसांत जुळावे लागते.

आल्यानंतर तो गावातील एखाद्या यजमान कुटुंबात राहतो, शाळेत जातो, सराव करतो आणि हिवाळाभर बसने फिरतो. मॅनिटोबामधील ब्रँडन आणि प्रशांत महासागराकाठचे व्हिक्टोरिया ही शहरे एकाच लीगमध्ये आहेत, यावरून या प्रवासाची कल्पना यावी. क्वेबेकमध्ये गेलेल्या मुलाच्या कानावर शहरात फ्रेंच पडते आणि ड्रेसिंग रूममध्ये फ्रेंच-इंग्रजी दोन्ही. इवान प्रोव्होरोव तर तेरा-चौदाव्या वर्षीच यारोस्लाव्हल सोडून पेनसिल्व्हेनियात आला, पुढे आयोवामध्ये आणि मग ब्रँडनमध्ये खेळला आणि 2015 मध्ये एनएचएलच्या फिलाडेल्फिया संघाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. ‘सातवा’ एवढाच शब्द छापला, तर त्याआधीचा एवढा मोठा प्रवास वाचकाच्या नजरेतून पूर्णपणे सुटतो.

तातारस्तानमधील निझ्नेकाम्स्क या एकाच औद्योगिक शहरात जन्मलेल्या दोन खेळाडूंकडे पाहिले, तर माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. नाईल याकुपोवने ओंटारिओ लीगमध्ये सार्निया संघाकडून 2010-11च्या पहिल्याच हंगामात 49 गोल आणि 101 गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवले आणि 2012 मध्ये एडमंटनने त्याला ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडले. साऱ्या जगाने त्याचे नाव छापले. एनएचएलमधील पहिल्या छोट्या हंगामात त्याने 17 गोलही केले. पण पुढे एडमंटनमध्ये प्रशिक्षक एकामागून एक बदलत गेले, त्याची भूमिका कधी निश्चित झाली नाही, आणि 350 सामने व 62 गोल एवढ्यावर त्याची एनएचएलमधील कारकीर्द आटोपली. 2018 मध्ये तो रशियाला परतला. त्याला अपयशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण अठराव्या वर्षी पहिला क्रमांक मिळालेल्या मुलाला हळूहळू घडण्याची सवलत कोणीच देत नाही.

त्याच शहरातला मिखाईल सर्गाचेव हा बचावपटू ओंटारिओच्याच विंडसर संघात आला आणि 2016 मध्ये मॉन्ट्रियलने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. त्या शरद ऋतूत एनएचएलचे चार सामने खेळवून त्याला पुन्हा विंडसरला पाठवण्यात आले. कनिष्ठ लीगमधून निवडलेला वीस वर्षांखालील खेळाडू एनएचएलमध्ये ठेवायचा नसेल, तर त्याला सहसा आपल्या जुन्या संघाकडेच परत पाठवावे लागते, मधल्या व्यावसायिक लीगमध्ये नाही, असा तिथला करार आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे पाऊल मागे पडल्यासारखे वाटले असेल. विंडसरचा संघ 2017च्या प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत ओंटारिओतीलच लंडन शहराच्या संघाकडून हरला. मात्र तिन्ही लीगचे विजेते आणि यजमान संघ यांच्यात होणाऱ्या मेमोरियल कपचे यजमानपद विंडसरकडे असल्याने त्यांना त्या स्पर्धेत स्थान होते, आणि सुमारे सहा आठवडे एकही सामना न खेळता, केवळ सरावाच्या बळावर, त्यांनी तो चषक जिंकला. त्याच उन्हाळ्यात टॅम्पा बेने सर्गाचेवला आपल्याकडे घेतले आणि 2020 व 2021 अशी लागोपाठ दोन वर्षे तो स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकणाऱ्या संघात होता. माझ्या मते त्याच्या पुढच्या खेळाची पायाभरणी विंडसरच्या त्या वर्षात झाली, आणि नेमके तेच वर्ष आपल्याकडच्या क्रीडापानांवर कुठेच नव्हते.

निकिता कुचेरोवचेही नाव घेतो. 2011 मध्ये 58व्या क्रमांकावर निवडला गेलेला हा मुलगा 2012-13 मध्ये क्वेबेक लीगमध्ये आधी रेम्पार्ट्सकडून आणि मग रुएँ-नोरांदाकडून खेळला. 2018-19 मध्ये 128 गुण मिळवून तो एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

याच संदर्भात बंदीचा उल्लेख आवश्यक आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर कॅनेडियन हॉकी लीगने 2022च्या इम्पोर्ट ड्राफ्टमधून रशिया आणि बेलारूसच्या मुलांना वगळले. पुढच्या वर्षीही तसेच झाले आणि 2024 मध्ये ती अट उठली. राष्ट्रीय संघांवरील बंदी मला पूर्णपणे योग्य वाटते. राष्ट्राच्या नावाने आणि ध्वजाखाली खेळणाऱ्या संघाला आक्रमणाची किंमत मोजावी लागलीच पाहिजे. परंतु सोळा-सतरा वर्षांचा मुलगा क्लबसाठी खेळायला येतो, त्याच्या हाती ध्वज नसतो आणि युद्धाच्या निर्णयात त्याचा वाटा नसतो. त्या दोन वर्षांत ज्यांचे वय उलटले, त्यांना ही संधी पुन्हा मिळाली नाही. युक्रेनमधील मुलांचे नुकसान याहून कितीतरी पटींनी भयंकर आहे हे मी जाणतो, आणि दोन्हींची तुलना मी करत नाही.

ठाण्याच्या वाचकाला याचे काय, असे कोणी म्हणेल. आमच्या पाचपाखाडी-नौपाड्यातून पहाटेच्या लोकलने किट घेऊन मुंबईच्या मैदानांवर जाणारी मुले कमी नाहीत, आणि दहावीच्या आधीच मुलाला दूरच्या अकादमीत ठेवावे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत चर्चेला येतो. अशा पालकांना पश्चिम कॅनडाच्या लीगमधील एक तरतूद कळायला हवी: खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे खेळाडूला एका वर्षाच्या उच्च शिक्षणाचे शुल्क आणि पुस्तके यांचा खर्च मिळतो. खेळात जम बसला नाही तरी मुलगा रिकाम्या हाताने परतू नये, याचा विचार तिथे नियमातच केलेला आहे. आपल्याकडे प्रवेश देताना किती अकादमी असे लेखी आश्वासन देतात, हे पालकांनी विचारले पाहिजे.

माझी मागणी मोठी नाही. सप्टेंबर ते मार्च या काळात महिन्यातून एकदा अर्धा स्तंभ आणि मे महिन्यात मेमोरियल कपचे निकाल एवढे पुरेसे आहे. ओंटारिओतील संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे ऋतूनुसार पहाटे साडेचार किंवा साडेपाचला सुरू होतो आणि सकाळी आठपर्यंत संपतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी आपल्या क्रीडा विभागाला संपूर्ण दिवस हाताशी मिळतो.

आपला,
एक नियमित वाचक
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)