अंदमानच्या काळ्या सुतारासाठी आभार

चिडिया टापूच्या जंगलात अंदमानचा काळा सुतार पक्षी दिसला, त्याचं श्रेय ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशा माणसांचं आहे.

तिकडे पाचच्या सुमारासच उजाडतं. म्हणून पोर्ट ब्लेअरहून अंधारातच निघायला तयार झालेले रिक्षावाले दादा, तुमचे मनापासून आभार. रस्त्याकडेला चहा देणाऱ्या मावशी, "आवाज त्या वाळलेल्या झाडाकडून येतो" हे तुम्हीच सांगितलंत. आणि ते बंगाली आजोबा! स्वतः बघायचं सोडून त्यांनी आपली दुर्बीण माझ्या आईच्या हातात दिली. कावळ्याएवढा, अंगभर काळा, डोक्यावर लालभडक तुरा. कपाळापासून लाल, गालावरही लाल पट्टा, म्हणजे नर. हा पक्षी अंदमान सोडून जगात कुठेही नाही. आपल्या सह्याद्रीत त्याचा पांढऱ्या पोटाचा भाऊबंद आहे, पण हा वेगळाच.

सगळ्यात मोठे आभार, ते वाळकं खोड ज्यांनी तोडलं नाही त्यांचे. असल्या जुन्या खोडांतच हे सुतार ढोली कोरतात. तुम्ही ते उभं ठेवलंत, म्हणून आईला तो बघता आला.