पलीकडच्या गावचा नंबर

आखेन, जर्मनी
8 मार्च 2026

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे, हे सगळ्यांत आधी लिहिते. गेल्या रविवारी आईने लागोपाठ तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा एक बाई न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलून गेली, त्यानंतर घरात काय झाले असेल ते मी ओळखून आहे. आई, ती ध्वनिमुद्रित सूचना होती. मी दवाखान्यात नव्हते, फोन चोरीला गेला नव्हता आणि तुझ्यावर रागावून तो बंदही केला नव्हता. माझी नवी खोली शहराच्या अगदी पश्चिमेला आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला की फोन नेदरलँड्सचे नेटवर्क पकडतो आणि पलंगाजवळ आणला की जर्मनीचे. या दोहोंमधल्या मिनिटाभरात तो कोणाचाच नसतो आणि तू नेमकी तेव्हाच फोन करतेस. जेवणाखाण्याचे, थंडीचे आणि ऑफिसचे नेहमीप्रमाणेच आहे, म्हणून त्यावर पान खर्च करत नाही.

बाबा, तुमचा प्रश्न मात्र पानभर उत्तराच्या लायकीचा आहे. युरोपीय संघातल्या बहुतेक देशांचे चलन एक, बाजार एक, सीमेवर कोणी अडवत नाही, मग टेलिफोनचा कारभार सत्तावीस ठिकाणी का, असे तुम्ही विचारले आहे. एक्स्चेंजमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. त्याआधी इथला एक विचित्र प्रकार सांगते, कारण तो मलाच समजायला दोन महिने आणि एक बिल लागले.

हेर्लेन हे नेदरलँड्समधले गाव माझ्या खोलीपासून वीसेक किलोमीटरवर आहे. तिथे माझ्या ओळखीच्या एक वयस्कर बाई राहतात. त्यांच्याकडे फक्त लँडलाइन आहे, आणि बोलायचे तर त्यावरच, असा त्यांचा हट्ट आहे. पहिल्या महिन्यात मी त्यांच्याशी घरूनच पन्नास मिनिटे बोलले आणि बिलात अकरा युरो तीस सेंट जास्तीचे आले. कारण असे की जर्मनीतून दुसऱ्या देशात केलेला फोन 'आंतरराष्ट्रीय' धरला जातो. युरोपीय संघात त्यावर 2019 पासून मिनिटाला 19 सेंटची कमाल मर्यादा आहे, कर वेगळा, आणि माझी कंपनी ती मर्यादा पुरेपूर वापरते. पण मी वीस मिनिटे चालत फाल्स या सीमेपलीकडच्या गावात गेले आणि त्याच फोनवरून त्याच बाईंना फोन लावला, तर तो रोमिंगमध्ये मोडतो. रोमिंगचे जादा दर 15 जून 2017 पासून बंद झाले आहेत, त्यामुळे तो कॉल माझ्या नेहमीच्या मासिक पॅकमध्येच बसतो. म्हणजे परदेशात फोन करायला पैसे पडतात आणि परदेशात जाऊन फोन केला की पडत नाहीत! खिडकीतल्या नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून मी दर बुधवारी संध्याकाळी चालत जाते. सीमेवर ना फाटक ना पोलीस. उभ्या गाड्यांच्या पांढऱ्या पाट्या संपून पिवळ्या सुरू होतात, खिशात फोन थरथरतो आणि 'नेदरलँड्समध्ये स्वागत' असा निरोप येतो. मग मी बसथांब्याच्या बाकावर बसून नंबर फिरवते. थांब्यावरच्या लोकांना यात काही वावगे वाटत नाही. कोणी विचारत नाही, चिडतही नाही.

तुम्हाला यावरून निपाणीची मावशी आठवेल. कोगनोळीचा नाका जवळ आला की तुम्ही मला मोबाइल बंद करायला लावत होता, कारण कर्नाटक सर्कल, म्हणजे टेलिफोनचा दुसरा विभाग, सुरू झाले की येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. आपल्याकडे सर्कलच्या त्या भिंती पडल्या, कारण सगळी सर्कल एकाच दिल्लीच्या हाताखाली होती. इथे प्रत्येक देश स्वतंत्र आहे. प्रत्येकाचा नियामक वेगळा, परवाने वेगळे आणि स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइलच्या रेडिओ लहरींचा, लिलावही वेगळा. माझ्या मते खरी मेख लिलावातच आहे. 2019 मध्ये एकट्या जर्मनीने त्यातून साडेसहा अब्ज युरो मिळवले. असा पैसा ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, हाती द्यायला कोणता अर्थमंत्री राजी होईल?

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सप्टेंबर 2013 मध्ये युरोपीय कमिशनच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या, तेव्हाच्या आयुक्त नेली क्रूस यांनी मोठा प्रस्ताव आणला होता: एका देशात नोंदणी केलेल्या कंपनीने सगळीकडे सेवा द्यावी आणि स्पेक्ट्रमच्या वाटपात देशांनी ताळमेळ ठेवावा. दोन वर्षे घासाघीस होऊन 2015 मध्ये त्यातले फक्त रोमिंगचे आणि इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला समान वागणूक देण्याचे नियम उरले. ग्राहकाला दिसते ते केले आणि कंपन्या व सरकारे यांच्यातले अवघड होते ते ठेवून दिले. नंतर 2018 मध्ये दूरसंचाराची संहिता आली, पण ती निर्देशाच्या रूपात, म्हणजे प्रत्येक देशाने आपापला कायदा करून ती अंगीकारायची. मुदत डिसेंबर 2020 ची होती. ती टळून गेली तेव्हा कमिशनला 24 देशांना नोटिसा काढाव्या लागल्या. जर्मनीचा कायदाही अखेर डिसेंबर 2021 मध्ये लागू झाला. सरकारी कागद कसा फिरतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता यंदाच्या जानेवारीत कमिशनने 'डिजिटल नेटवर्क्स ॲक्ट'चा मसुदा मांडला आहे. हा निर्देश नसून थेट लागू होणारा कायदा असेल. त्यातही एकाच देशात नोंदणी पुरे, ही जुनी कल्पना पुन्हा आली आहे, आणि स्पेक्ट्रमचे परवाने दीर्घ मुदतीचे करायचे घाटते आहे. यामागे इटलीच्या दोन माजी पंतप्रधानांचे अहवाल आहेत. एन्रिको लेट्टा यांनी एप्रिल 2024 मध्ये दाखवून दिले की युरोपातल्या सरासरी कंपनीकडे 50 लाख ग्राहक आहेत, अमेरिकेत हाच आकडा 10 कोटी 70 लाख आणि चीनमध्ये 46 कोटी 70 लाख आहे. मारिओ द्रागी यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपन्यांच्या एकत्रीकरणाला वाट मोकळी करा असे सुचवले. मसुदा अजून युरोपीय संसद आणि सदस्य देश यांच्यापुढून जायचा आहे, आणि 2013 चा अनुभव पाहता तो निघेल तेव्हा अंगावर किती मांस उरलेले असेल कोण जाणे.

कंपन्या मोठ्या झाल्या की भांडवल येईल आणि केबल लवकर पडेल, असे आमच्या ऑफिसात बहुतेकांना वाटते. मला तितकी खात्री वाटत नाही. जुलै 2024 मध्ये आपल्याकडे तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर चढवले, तेव्हा तुम्ही फोनवर जे बोलला होता ते मी इथे बैठकीत सौम्य शब्दांत सांगितले. सीमा पुसाव्यात, पण प्रत्येक गावात निदान तीन-चार कंपन्या भांडताना दिसाव्यात, एवढे माझे मत आहे. लेकीला एवढे तरी तुमच्याकडून आले आहे.

आता राहिलेले. गच्चीच्या गळतीसाठी दोन लाख रुपये परवा पाठवले आहेत. पावसाआधी काम उरकून घ्या, आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ते मुदतठेवीत टाकू नका. पाडव्याला येते म्हणाले होते, ते जमत नाही. तिकीट महाग होते हे खरे आहे, पण तेवढेच कारण नाही, आणि हे लिहायला मी चार पाने घेतली याबद्दल रागावू नका.

हेर्लेनच्या त्या बाईंचा मुलगा माझ्याबरोबर काम करतो. आम्ही लग्न करायचे ठरवतो आहोत. ठरवले आहे असे लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारल्याशिवाय ते ठरत नाही. आई, त्याचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, ते तू माझ्या तोंडून ऐकावेस असे वाटते. पत्रिका नाही, पण माणूस शांत आहे. त्याच्या आईने बुधवारच्या त्या फोनवरच तुझी आमटी मला विचारली आणि मी सांगताना हिंग विसरले. सांगलीच्या स्थळाला नाही कळवताना माझ्या नोकरीवर ढकला, मला चालेल. तुम्हाला तोंडावर सांगायचे धाडस झाले नाही, हा दोष माझाच आहे.

सगळे तुमच्या मनासारखे झाले तर मी हेर्लेनला राहायला जाईन. बाबा, आपल्याकडे जुलै 2015 पासून सर्कल बदलले तरी नंबर तोच ठेवता येतो, इथे देश बदलला की तो नेता येत नाही. वीस किलोमीटरसाठी नंबरामागचा देशाचा कोड 49 चा 31 होईल. डायरीतला जुना नंबर एवढ्यात खोडू नका, त्याचा करार ऑक्टोबरपर्यंत आहे. या बुधवारी फोन लागला नाही तर समजा की मी बाकावर आहे. दहा मिनिटांनी पुन्हा लावा, आणि आईला जवळ बसवून लावा.

तुमची,
धाकटी