मुक्तास, सिमेंटिंगच्या पहिल्या कामाआधी

दांडिया बाजार, बडोदे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

अंकलेश्वरच्या तेलविहिरीच्या रिगवर तुला सिमेंटिंगच्या, म्हणजे केसिंगभोवती (विहिरीतल्या पोलादी नळीभोवती) सिमेंट भरणाऱ्या, तुकडीत घेतलं, हे ऐकल्यापासून आई काळजीत आणि मी खुशीत आहे. फोनवर मागे पंप चालू असतो आणि तू नुसतं "हो बाबा" म्हणतेस, म्हणून लिहितो.

तू पंपिंग युनिटचं फार कौतुक केलंस. आहेच ते देखणं. पण पंप बिघडला तर दहा जणांना ऐकू जातं. केसिंगच्या तळाचा फ्लोट शू, त्याच्या थोडा वरचा फ्लोट कॉलर (दोन्हींत सिमेंट उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि केसिंगला भोकाच्या मध्यभागी धरणारे सेंट्रलायझर एकदा केसिंगबरोबर खाली गेले की पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाहीत. ते रॅकवर आहेत तोवरच तपास. फ्लोटचा व्हॉल्व्ह हाताने दाबून बघ, स्प्रिंगने जागेवर येतो का, आत चिंधी किंवा लाकडाची ढलपी अडकली नाही ना.

सेंट्रलायझर कमी करू, वेळ वाचेल, असं कुणीतरी म्हणेलच. केसिंग भोकाच्या एका अंगाला टेकली की सिमेंट मोकळ्या बाजूने वर निघून जातं आणि चिंचोळ्या बाजूला मड (ड्रिलिंगचा चिखल) तसंच राहतं. पुढे गॅसला तीच वाट सापडते. मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो विहिरीत 21 सुचवले असताना 6 बसवले होते. एप्रिल 2010 मधल्या तिथल्या स्फोटात 11 माणसं गेली. कारणं बरीच होती, हे एकच नव्हे; पण डिझाइनमधला आकडा परस्पर कमी होऊ देऊ नकोस.

सिमेंट हेडमध्ये, म्हणजे केसिंगच्या माथ्यावरच्या टोपात, प्लग (सिमेंटच्या पुढे आणि मागे जाणारी बुचं) भरताना स्वतः उभी राहा. खालचा प्लग पोकळ, त्याचा पातळ पडदा दाबाने फाटतो आणि स्लरी (पाण्यात कालवलेलं सिमेंट) पुढे जाते. वरचा भरीव. अदलाबदल झाली तर भरीव प्लग आधी कॉलरवर बसतो आणि सगळं सिमेंट केसिंगच्या आतच अडकतं! रंगावर विसंबू नकोस, तो कंपनीगणिक बदलतो.

जी क्लासच्या (तेलविहिरीच्या सिमेंटची एक प्रत) साध्या स्लरीत पाणी सिमेंटच्या वजनाच्या 44 टक्के, घनता पाण्याच्या साधारण 1.9 पट. मोजायला प्रेशराइज्ड मड बॅलन्स (दाबाखाली घनता मोजणारा तराजू) घे, साध्यात हवेचे बुडबुडे फसवतात.

हिशोबाइतकं डिस्प्लेसमेंट (वरच्या प्लगमागून द्रव ढकलणं) होऊनही प्लग बसल्याचा दाब दिसला नाही, तर पंप करत सुटू नकोस. शू ट्रॅकच्या (कॉलर ते शू एवढ्या केसिंगच्या) निम्म्या आकारमानापलीकडे जायचं नाही, नाहीतर शूभोवतीचं चांगलं सिमेंटच पुढे ढकललं जाईल. प्लग बसल्यावर दाब सोडताना टाकीपाशी जा. थोडं पाणी परत येऊन धार थांबली, की फ्लोट धरताहेत. थांबलीच नाही, तर आलेलं तेवढंच परत आत पंप करून हेड बंद ठेवायचं, सिमेंट धरेपर्यंत. त्या वेळी सगळ्यांना जेवायची घाई असते. तू टाकीवरून हलू नकोस.

आई विचारते, कॅम्पवर तूप पाठवलं तर चालेल का? कळव.

तुझा,
बाबा